जेम्सटाउनची माणसं नदीकाठी उपाशी का मेली?

नदीकाठ | शनिवार, रात्री १०:१२

मुलगा चौथीत आहे. व्हर्जिनियात चौथीला राज्याचा इतिहास असतो, आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असायचे तसा. त्याच्या प्रकल्पाच्या निमित्ताने गेल्या आठवड्यात जेम्सटाउन बघून आलो. सोबत सासरे होते. मुक्काम पोस्ट संगमनेर तालुका, सगळी हयात शेतीत.

तिथल्या बाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. मे १६०७ मध्ये तीन जहाजांतून १०४ पुरुष आणि मुलगे इथे उतरले. पाठवणारी लंडनची व्हर्जिनिया कंपनी. १६०९ च्या हिवाळ्याच्या तोंडाला वस्तीत पाचेकशे माणसं होती, पुढच्या वसंतात साठेक उरली. घोडी, कुत्री, उंदीर, बुटांचं कातडं, सगळं खाऊन झालं. मग मेलेली माणसं. २०१२ च्या उत्खननात चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी सापडली, तिच्यावर सुरीचे घाव आहेत.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. नदीकडे बघितलं. पात्र तिथे मैलापेक्षाही रुंद आहे. म्हणाले, "एवढं पाणी, एवढं रान. ही माणसं मेली कशी?"

गाडीत बसल्यावर दुसरा प्रश्न आला. "कंपनी म्हणजे शेवटी दुकानच ना? मग दुकानदाराला फाशी द्यायचा अधिकार कुणी दिला?"

मी 'घरी गेल्यावर बघून सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. आता घरी आलोय. जाणकारांनो, लाज राखा.

---

खवचट खारूताई | शनिवार, रात्री १०:३१

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. त्या १०४ पैकी निम्म्याच्या आसपास 'जंटलमन' होते. साहेब मासे पकडत नाहीत, मागवतात.

---

आळशी अजगर | शनिवार, रात्री १०:४०

रुमाल टाकून ठेवतो. बखरवाले येतीलच.

---

बखरवाला | रविवार, सकाळी ७:०५

आलो.

खारूताईंचं म्हणणं निम्मं बरोबर. त्यात आणखी भर घाला: १६०८ मध्ये कंपनीने जी रसद पाठवली तिच्यासोबत सोनार आणि सोनं गाळणारे कारागीर आले. भागधारकांना सोनं हवं होतं. जहाज भरून चकचकीत माती लंडनला गेली, ती मातीच निघाली. कॅप्टन जॉन स्मिथने 'जो राबणार नाही तो जेवणार नाही' हा नियम लावला, तेवढ्यावर एक हिवाळा निभावला. ऑक्टोबर १६०९ मध्ये बंदुकीच्या दारूने तो भाजला आणि इंग्लंडला परतला. पुढचं सासऱ्यांनी ऐकलंच आहे.

पण सगळं खापर आळशीपणावर फोडू नका. झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून शास्त्रज्ञांनी दाखवलंय की १६०६ ते १६१२ ही तिथल्या ७७० वर्षांतली सगळ्यात कोरडी सात वर्षं होती. म्हणजे आपल्या बहात्तरच्या दुष्काळासारखी वर्षं एकामागून एक सात. मक्याचं पीक मूळ लोकांनाच पुरत नव्हतं, ते पाहुण्यांना काय विकणार? नदीचं पाणीही तिथे भरती-ओहोटीचं. पाऊस कमी झाला की खारं होतं. तेच पिऊन लोक आजारी पडत होते.

दुसरा प्रश्न जास्त रंगतदार आहे. दुकानदाराला अधिकार राजाने दिला. १६०६ ची सनद, पुढे १६०९ आणि १६१२ च्या. राजाची तिजोरी रिकामी, वसाहत हवी पण खर्च नको. म्हणून त्याने जमीन, कायदा आणि तलवार तिन्ही एका भागभांडवली कंपनीला देऊन टाकलं. एक शेअर साडेबारा पौंडांना. तेही पुरेना म्हणून १६१२ च्या सनदेत लॉटरी काढायची परवानगी घेतली. अमेरिकेतली पहिली टिकलेली इंग्रज वसाहत काही वर्षं चक्क सोडतीच्या तिकिटांवर चालली.

१६११ पासून तिथे लष्करी कायदा आला. कोठारातून चोरी केली तर मृत्युदंड. परवानगीशिवाय कोंबडं कापलं तर मृत्युदंड, मग ते स्वतःचं का असेना.

---

खवचट खारूताई | रविवार, सकाळी ७:३०

स्वतःचं कोंबडं?! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कुणी दाखवू नका.

---

भांडवली_बाणा | रविवार, सकाळी ९:१८

यातला खरा धडा कुणी बोलत नाहीये. सामायिक कोठार म्हणजे समाजवाद. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. उत्तरेकडच्या प्लिमथ या दुसऱ्या इंग्रज वसाहतीचंही तेच झालं. १६२० ला मेफ्लॉवरमधून १०२ जण आले, पहिल्या हिवाळ्यात निम्मे मेले. १६२३ ला गव्हर्नर ब्रॅडफर्डने प्रत्येक कुटुंबाला वेगळा तुकडा दिला आणि मका डोलायला लागला. त्याने स्वतः लिहून ठेवलंय. विषय संपला.

---

चष्मिष्ट | रविवार, सकाळी ९:५५

@भांडवली_बाणा, विषय आता कुठे सुरू झाला.

प्लिमथचं सामायिक कोठार कुठल्या आदर्शवादातून आलं नव्हतं. तो लंडनच्या सावकारांशी झालेला करार होता. सात वर्षं सगळी कमाई एका खात्यात, शेवटी भागीदारांत वाटणी. घरं आणि परसबागासुद्धा त्या वाटणीत याव्यात असा सावकारांचा आग्रह होता. लोक वैतागले ते बहुतेक यामुळे की राबायचं आपण आणि हिशेब लंडनमध्ये. याला तुम्ही समाजवाद म्हणता? मी याला उचल घेऊन ऊसतोडीला जाणं म्हणते. १६२७ मध्ये त्यांनी सावकारांचा हिस्सा १८०० पौंडांना घ्यायचं ठरवलं, वर्षाला २०० चा हप्ता. ते कर्ज फिटायला १६४० चं दशक उजाडलं.

शिवाय पहिल्या हिवाळ्यात मेले ते रोगाने आणि थंडीने. नोव्हेंबरात उतरल्यावर कुठली शेती करणार, खाजगी की सामायिक?

---

भांडवली_बाणा | रविवार, सकाळी १०:२०

करार असो की आदर्श, तुकडे वाटल्यावर पीक वाढलं हे नाकारता येतं का? जेम्सटाउनलाही १६१४ च्या सुमारास जुन्या लोकांना तीन-तीन एकर दिल्यावरच कणगी भरल्या.

---

चष्मिष्ट | रविवार, सकाळी १०:२४

ते मान्य. लेबल अमान्य.

---

निवृत्त तलाठी | रविवार, दुपारी १२:४०

नमस्कार मंडळी. मी इतिहासाचा माणूस नाही, बत्तीस वर्षं दप्तर सांभाळलं. जमिनीचा विषय निघाला म्हणून विचारतो. तीन एकर दिले, तुकडे दिले, असं सगळे लिहिताहेत. मूळ मालक कोण? फेरफार कुणाच्या सहीने झाला?

---

बखरवाला | रविवार, दुपारी १:१५

तलाठीकाका, बरोबर नसेवर बोट ठेवलंत.

व्हर्जिनियाच्या त्या किनाऱ्याला तिथले लोक त्सेनाकोमाका म्हणत. तीसेक जमाती, चौदा-पंधरा हजार लोकसंख्या, वर वाहुनसेनाकाव हा प्रमुख (इंग्रज त्याला पाउहाटन म्हणत). त्याला खंडणी पोचायची, म्हणजे राज्य होतं, मोकळं रान नव्हतं. सही त्याची नाही, राजा जेम्सची. त्याने न पाहिलेल्या जमिनीवर.

मॅसॅच्युसेट्समध्ये तिथला गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने याला तात्त्विक मुलामा दिला. यांनी जमिनीला कुंपण घातलेलं नाही, गुरं पाळलेली नाहीत, तेव्हा यांचा फक्त नैसर्गिक हक्क, कायद्याचा नाही. रॉजर विल्यम्स नावाच्या पाद्र्याने भर समाजात विचारलं की जी जमीन राजाची नाहीच ती राजा देतो कशी? त्याला हद्दपार केलं. अर्थात त्याच्यावर इतरही आरोप होते. त्याने १६३६ मध्ये नारागान्सेट लोकांकडून रीतसर जागा घेऊन प्रॉव्हिडन्स वसवलं.

आणि प्लिमथ? ते ओसाड गावठाणावरच वसलं. तिथे पटुक्सेट नावाचं गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते उजाड झालं. त्या गावचा टिस्क्वांटम वाचला, कारण १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो परत आला तेव्हा गाव संपलेलं. त्याच जागी आलेल्या परक्यांना त्याने मका लावायला शिकवलं.

---

निवृत्त तलाठी | रविवार, दुपारी १:४८

म्हणजे बेचिराख गाव, वारस गैरहजर दाखवला. वारस समोर उभा राहून बियाणं वाटतोय.

---

आनंदी_ओसरी | रविवार, दुपारी २:०२

तलाठीकाका, हे वाचून पोटात कालवलं.

---

कोकणी मेवा | रविवार, दुपारी ३:३०

माझा आवडता विषय: तंबाखू. १६१२ च्या सुमारास जेम्सटाउनच्या जॉन रॉल्फने कॅरिबियनकडचं गोड तंबाखूचं बी लावलं. गंमत अशी की राजा जेम्सने १६०४ मध्येच तंबाखूची निंदा करणारी पुस्तिका लिहिली होती. पुढे त्याच तंबाखूच्या जकातीवर त्याचीच तिजोरी भरली. आपलं सरकार एका खिशातून दारूबंदीची पत्रकं काढतं आणि दुसऱ्यात अबकारी घालतं, तसंच.

१६१७ मध्ये २० हजार पौंड वजनाची निर्यात होती, पुढच्या वीसेक वर्षांत ती दहा लाखांच्या वर गेली. भाव मात्र शिलिंगांवरून पेनीवर आला. तरी तंबाखूच लावायचे, कारण नाणी नव्हतीच. कर तंबाखूत, दंड तंबाखूत, पाद्र्याचा पगार तंबाखूत.

---

जास्वंद | रविवार, दुपारी ४:१०

आणि बायकासुद्धा तंबाखूत, ते राहिलं. १६२० मध्ये कंपनीने ९० मुली पाठवल्या. लग्न करणाऱ्याने प्रवासखर्च म्हणून १२० पौंड तंबाखू द्यायचा, पुढे तो १५० झाला. मुलींवर जबरदस्ती नव्हती, नवरा त्याच निवडणार असं कंपनीचं म्हणणं होतं. पण निवडायला होतं काय? तापाने मरणाऱ्या पुरुषांची वस्ती. त्यात मार्च १६२२ ला पाउहाटनच्या लोकांचा पुढचा म्होरक्या ओपेचनकानो याच्या हल्ल्यात एका दिवसात ३४७ वसाहतवाले मारले गेले.

कंपनीचा हेतू साधा होता. एकटा पुरुष पैसे करून परत जातो, संसार थाटलेला राहतो.

---

खवचट खारूताई | रविवार, दुपारी ४:१५

तंबाखू मळल्यावर 'जमलं' म्हणायची पद्धत तिथूनच आली असावी.

---

निवृत्त तलाठी | रविवार, संध्या. ६:००

जमीन वाटपाचा नियम काय होता ते कुणी सांगेल का?

---

बखरवाला | रविवार, संध्या. ६:४५

१६१८ पासून 'हेडराइट'. मुंडकं मोजून जमीन. जो स्वखर्चाने येईल त्याला ५० एकर, आणि दुसऱ्याचा प्रवासखर्च भरेल त्याला प्रत्येक डोक्यामागे आणखी ५०. नीट वाचा: जमीन येणाऱ्याला नाही, तिकीट काढणाऱ्याला. येणारा गरीब असेल तर चार ते सात वर्षांच्या करारावर राबायचा. आपल्याकडच्या गिरमिटियांचा हा पूर्वज. त्या काळात करार संपेपर्यंत अनेक जण जगायचेच नाहीत. मेला तरी मालकाचे ५० एकर कायम.

या डोकेमोजणीच्या नोंदींत १६३५ साली एक नाव आहे: 'टोनी, ईस्ट इंडियन'. म्हणजे बहुधा आपल्याच उपखंडातला माणूस. एवढीच ओळ. हा टोनी मूळचा कोण, हे त्या ओळीत नाही.

---

निवृत्त तलाठी | रविवार, संध्या. ७:१०

पेशव्यांच्या काळी पडीक गाव वसवायला इस्ताव्याचा कौल द्यायचे. पहिली वर्षं सारा नाममात्र, मग चढता. तो कसणाऱ्याला मिळायचा. इथे आणणाऱ्याला. फरक तेवढाच, पण सगळा फरक तोच.

---

बोस्टनची भाकरी | सोमवार, पहाटे ५:२० (तुमच्याकडे दुपार)

सगळे व्हर्जिनियातच अडकलेत. उत्तरेकडे या जरा.

'दुकानदाराचं सरकार कसं झालं' याचं सगळ्यात झकास उत्तर मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. १६२९ ची सनद हीसुद्धा कंपनीचीच. भागधारकांची सभा म्हणजे 'जनरल कोर्ट', अध्यक्ष म्हणजे 'गव्हर्नर', संचालक म्हणजे 'असिस्टंट'. पण एक मेख होती. सभा लंडनलाच भरवायची असं सनदेत लिहायचं राहिलं (की कुणी राहू दिलं?). विन्थ्रॉप आणि मंडळींनी १६३० मध्ये सनदेचा कागदच जहाजात घातला आणि निघाले. अकरा जहाजं, सातेकशे माणसं. वार्षिक सभा समुद्रापार भरायला लागली आणि तिची विधानसभा झाली. आमच्या राज्याच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव आजही 'जनरल कोर्ट' आहे. एजीएम अजून चालूच आहे म्हणा ना.

मतदार कोण? भागधारक म्हणजे 'फ्रीमन'. १६३१ पासून अट घातली की चर्चचा सभासद असेल तोच फ्रीमन. भांडवलाच्या जागी श्रद्धा आली.

इकडे कुटुंबंच्या कुटुंबं आली, १६४० पर्यंत वीसेक हजार माणसं. जमीन एकट्यादुकट्याला नाही, गावाला मिळायची, मग गाव वाटणी करायचं. मधे सभागृह, भोवती घरं, सामायिक कुरण. परक्याला 'तू इथला नाहीस, निघ' अशी नोटीसही गाव द्यायचं. मिरासदार आणि उपरी, काका!

१६४७ चा कायदा: पन्नास घरांच्या गावाने शिक्षक ठेवायचाच. उलट व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली १६७१ मध्ये लेखी उत्तरात देवाचे आभार मानतो की आमच्याकडे मोफत शाळा नाहीत आणि छापखानाही नाही.

---

खवचट खारूताई | सोमवार, दुपारी ३:०५

तुमच्या त्या शिकलेल्या गावांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा केल्यास पाच शिलिंग दंड लावला होता, तेही सांगा की.

---

बोस्टनची भाकरी | सोमवार, दुपारी ३:४०

सांगते. आणि १६९२ ला सेलममध्ये चेटूक म्हणून एकोणीस जणांना फासावर दिलं, हेही. आणि १६४१ च्या 'हक्कांच्या' संहितेतच युद्धकैद्यांना आणि विकत आणलेल्यांना गुलाम ठेवायची पळवाट आहे. आमचा कॉड मासा आणि लाकूड बार्बेडोसच्या साखरमळ्यांना जायचं. तिथे गुलाम राबायचे, त्यांना आमचा हलका मासा खायला. हात कुणाचेच स्वच्छ नाहीत.

---

जास्वंद | सोमवार, संध्या. ५:३०

गुलामीचा विषय निघालाच आहे तर एक. ३० जुलै १६१९ ला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. इंग्रजी अमेरिकेतली पहिलीच. ऑगस्ट संपता संपता 'व्हाइट लायन' जहाजाने वीसेक आफ्रिकी माणसं खाली उतरवली आणि धान्याच्या बदल्यात दिली. महिनाभराचंही अंतर नाही.

मला हा योगायोग वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच गरज होती: तंबाखूला हात हवेत. गोऱ्याला यायला लावायचं तर लष्करी कायदा हटवून त्याला जमीन आणि आवाज द्यायला लागला. ज्याला बांधूनच आणलं त्याला काही द्यायची गरज नव्हती.

---

बखरवाला | सोमवार, संध्या. ६:२०

जास्वंदताई, दिशा पटते, पण १६१९ मध्येच सगळं ठरलं होतं असं वाटू देऊ नका. सुरुवातीला कायदा धूसर होता. १६२१ मध्ये आलेला अँथनी जॉन्सन पुढे मुक्त झाला, जमीनदार झाला. गाठ हळूहळू आवळली. १६४० मध्ये तीन नोकर एकत्र पळाले आणि पकडले गेले. दोघा युरोपियनांची मुदत चार वर्षांनी वाढली, तिसरा जॉन पंच काळा, त्याला जन्मभराची चाकरी. १६६२ चा कायदा: मूल आईच्या दर्जाचं. इंग्लंडात मूल बापाचं असायचं, इथे मुद्दाम उलटं केलं, म्हणजे मालकाचं मूलही मालकाची मालमत्ता. १६६७: बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही.

आणि हे सगळे कायदे केले त्याच निवडून आलेल्या सभेने. त्याच सभेची निवडणूक बर्कलीने १६६१ पासून १६७६ पर्यंत घेतली नाही, हेही जाता जाता. मग नथॅनियल बेकन या मळेवाल्याचं बर्कलीविरुद्ध बंड, त्यात जेम्सटाउन जळलं.

---

चष्मिष्ट | सोमवार, संध्या. ६:३५

वाचनखूण साठवली.

---

पोर्तुगीज पाव | सोमवार, रात्री ९:००

अवांतर: मी वांद्र्याचा, म्हणून मुंबईचं शेपूट जोडतो. १६६८ मध्ये चार्ल्स दुसऱ्याने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्या सनदेत जमीन कशी धरायची ते लिहिलंय: केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच मॅनॉरच्या रीतीप्रमाणे. हेच शब्द १६०६ च्या व्हर्जिनिया सनदेत आहेत! कागदोपत्री माहीम आणि जेम्सटाउन एकाच इंग्रज वाडीच्या नियमाने चालायचे. शिवाय सर थॉमस स्माइथ हा एकच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर आणि व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार. कंपनीने मुंबईतही सैनिकांसाठी इंग्लंडहून बायका आणून बघितल्या.

मग मुंबईत १६१९ सारखी सभा का नाही झाली? माझ्या मते जास्वंदताईंनीच उत्तर दिलंय. इथे राबायला माणसं आधीच होती. इंग्रजाला आणून बसवायची गरज नव्हती, म्हणून त्याला आवाज द्यायचीही नव्हती.

---

आळशी अजगर | सोमवार, रात्री ९:३०

रुमाल टाकला त्याचं सार्थक झालं. पण नदीकाठ कुठे आहेत? सासरे अजून उपाशीच.

---

नदीकाठ | मंगळवार, रात्री ८:५०

आहे, आहे. रोज रात्री जेवताना सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवतोय. १६१९ च्या सभेच्या पहिल्या कायद्यांमध्ये तंबाखूचा भाव बांधून दिल्याचं मलाच सापडलं: उत्तम प्रतीला पौंडामागे तीन शिलिंग, दुय्यमला अठरा पेन्स. ते ऐकून ताटावरून हात वर करून म्हणाले, "हमीभाव! चारशे वर्षांपूर्वी!" आणि मग, "मिळाला का?" कोकणी मेव्याचा प्रतिसाद परत वाचून दाखवला. गप्प झाले.

मासे का खाल्ले नाहीत, तेही मिळालं. त्या हिवाळ्यात वस्तीचा प्रमुख जॉर्ज पर्सी होता, त्याचंच टिपण आहे. पाउहाटनच्या लोकांनी किल्ल्याला वेढा घातला होता, कुडाबाहेर पाऊल टाकलं की बाण. एक जहाज धान्य आणायला पाठवलं, त्यातले लोक धान्य घेऊन थेट इंग्लंडला पसार झाले. आणि वसंतात पर्सी नदीच्या मुखाशी असलेल्या दुसऱ्या छोट्या किल्ल्यावर गेला तेव्हा तिथले तीसेक लोक धष्टपुष्ट. इतके खेकडे की डुकरांना घालत होते. वर कुणाला कळवलंच नव्हतं.

मे महिन्यात, जेम्सटाउनला येताना जहाज फुटून बर्म्युडाला अडकलेली मंडळी पोचली, सगळ्यांनी मिळून जून १६१० मध्ये जेम्सटाउन सोडून दिलं. नदीतून निघाले आणि वाटेतच नवा गव्हर्नर डेलावेअर रसद घेऊन येताना भेटला. गेले परत.

सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते जेम्स आणि पर्सीवर काहीच बोलले नाहीत. त्यांना वेगळंच हवं होतं. "ते पाउहाटनवाले, त्यांचं पुढं काय झालं?"

---

बखरवाला | मंगळवार, रात्री १०:१५

१६४६ च्या तहाने त्यांनी दरवर्षी बीव्हरची वीस कातडी गव्हर्नरला द्यायचं ठरलं. त्यातलेच पमंकी लोक तुमच्या राजधानी रिचमंडपासून तासाभरावर राहतात, केंद्र सरकारची मान्यता त्यांना २०१५ मध्ये मिळाली. आजही थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ते आणि मॅटापोनाय जमात गव्हर्नरच्या दारात हरीण नेऊन देतात. नुसती खंडणी म्हणून नव्हे, तह आम्ही अजून पाळतोय हे दाखवायला.

---

निवृत्त तलाठी | बुधवार, सकाळी ६:३०

म्हणजे दाखला चालू ठेवलाय. बरोबर करताहेत. नदीकाठ, सासऱ्यांना नमस्कार सांगा. संगमनेर तालुक्यात कुठलं गाव?

---

नदीकाठ | बुधवार, सकाळी ७:०२

काका, तेच विचारताहेत की तुमचा सज्जा कुठला. व्यनि (खाजगी निरोप) करतो.